जुन्या सभागृहातला व्हीजीए आणि स्टिरिओ ऑडिओचा इंटरफेस : काढायचा की ठेवायचा?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. गंगापूर रोडला आमच्या संस्थेचं छोटं सभागृह आहे. व्याख्यानं, शिबिरं, शाळांच्या स्पर्धा असं वर्षभर काही ना काही चालू असतं. तिथल्या पोडियममध्ये एक जुना इंटरफेस, म्हणजे लॅपटॉप जोडायचा डबा, बसवलेला आहे. पुढे १५ पिनांचं व्हीजीए (लॅपटॉपच्या चित्राचं जुन्या पद्धतीचं) सॉकेट आणि ३.५ एमएमचं ऑडिओ सॉकेट. मागे पाच बीएनसी (फिरवून अडकवायचे गोल कनेक्टर), एक हिरवा स्क्रूवाला कनेक्टर, 'लेव्हल', 'पीकिंग', 'हॉरिझॉन्टल' अशी नावं असलेले प्रीसेट (पेचकसाने फिरवायच्या छोट्या कळा) आणि बारीक डिप स्विचेसची ओळ. तिथून पाच कोॲक्स (मधे एक तार, भोवती शील्ड म्हणजे धातूची जाळी) केबल भिंतीतल्या पाइपातून प्रोजेक्टरकडे जातात, अंतर ३० मीटरच्या आसपास. आवाजाची केबल मागच्या मिक्सरकडे जाते. ज्यांनी हे बसवलं ते आता नाशकात नाहीत आणि कागदपत्रंही सापडत नाहीत.

तक्रारी अशा. पडद्यावर बारीक अक्षरांच्या उजवीकडे काळपट ओढ दिसते. लॅपटॉप चार्जरला लावला की स्पीकरमध्ये गुंऽऽ असा आवाज येतो आणि पडद्यावर एक फिकट आडवा पट्टा सरकत राहतो. सगळ्यात विचित्र म्हणजे मुलाखतीचा व्हिडिओ लावला तर मागचं संगीत ऐकू येतं, पण माणसाचं बोलणं जवळजवळ गायब! आणि आता बहुतेक वक्त्यांच्या लॅपटॉपला व्हीजीएच नसतं. एचडीएमआयवरून कन्व्हर्टर लावला तर कधी चित्र येतं, कधी पडदा काळा.

कार्यकारिणीचं मत आहे की हे सगळं उखडून एचडीएमआय टाकावं. त्यासाठी भिंत आणि पीओपीचं छत फोडावं लागेल. त्याआधी हा डबा नेमकं काय करतो, हे मला समजून घ्यायचं आहे.

मेनरोड

दादा, मी याच धंद्यात आहे. २०१० साली इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो, सॅमसंग, एलजी यांनी मिळून जाहीर केलं होतं की २०१५ पर्यंत संगणकांवरून व्हीजीए काढून टाकणार. आज नवीन लॅपटॉपवर ते दिसतही नाही. त्यावर खर्च करू नका. कॅट-६ (नेटवर्कची केबल) ओढा, तिच्यावरून एचडीएमआय पाठवणारा एचडीबेसटीचा सेंडर-रिसीव्हर बसवा, १०० मीटरपर्यंत चिंता नाही.

तारायंत्र

मेनरोड, नवीन सभागृह असतं तर मीही हेच सांगितलं असतं. पण इथे भिंतीत पाच कोॲक्स आधीच पडलेल्या आहेत. आणि गोदाकाठ यांनी लिहिलेल्या तक्रारींपैकी एकीचंही कारण व्हीजीए जुनं झालं हे नाही. तेव्हा आधी डबा समजून घेऊ.

व्हीजीए आयबीएमने १९८७ साली पीएस/२ संगणकांबरोबर आणलं. लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे सिग्नल, प्रत्येक ०.७ व्होल्टचा, ७५ ओहमच्या लाइनवर. आडवा आणि उभा सिंक, म्हणजे ओळ आणि चित्र कुठे सुरू होतं ते सांगणारे इशारे, आणखी दोन तारांवर. मूळ ६४० बाय ४८० चित्राला पिक्सेलचा वेग होता सेकंदाला २ कोटी ५१ लाखांच्या घरात, म्हणजे २५.१७५ मेगाहर्ट्झ. १०२४ बाय ७६८ ला तो ६५ मेगाहर्ट्झ होतो, १२८० बाय १०२४ ला १०८, आणि १६०० बाय १२०० ला १६२. हे सगळे आकडे ६० हर्ट्झला.

कोॲक्स केबल प्रत्येक फ्रिक्वेन्सी सारखी पोचवत नाही. फ्रिक्वेन्सी जितकी वरची तितकी गळती जास्त. पडद्यावरचा मोठा पांढरा चौकोन ही खालची फ्रिक्वेन्सी, तो ३० मीटरवर फारसा बिघडत नाही. अक्षराची बारीक काडी म्हणजे काळ्यावरून पांढऱ्यावर एकदम उडी, ती वरच्या फ्रिक्वेन्सीत असते. ती गळाली की काडीची कड तुटकपणे न संपता उजवीकडे ओढली जाते. तुमची पहिली तक्रार हीच.

'लेव्हल' सगळा सिग्नल सारखा वाढवतो, 'पीकिंग' फक्त वरच्या फ्रिक्वेन्सी उचलतो. लेव्हल कमी असेल तर चित्र अंधारं दिसतं, पीकिंग कमी असेल तर चित्र मऊ दिसतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक अस्पष्ट चित्रावर लेव्हल वाढवत बसतात. त्याने पांढरं फाटतं आणि अक्षर तसंच राहतं.

आता नीट बघून सांगा : उजवीकडे आहे ती सलग ओढ आहे, की थोडं अंतर सोडून फिकट दुसरं अक्षर उमटतंय? दुसरं अक्षर असेल तर मामला पीकिंगचा नाही. कुठेतरी लाइनची ७५ ओहमची जुळणी तुटली आहे आणि सिग्नल तिथून परत फिरतो आहे.

गोदाकाठ

सलग ओढ आहे, दुसरं अक्षर नाही. आत्ताच टॉर्च घेऊन मागे बघितलं, पीकिंगचा प्रीसेट पूर्ण डावीकडे आहे.

रेणुका_पी

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून विचारते. हा डबा पोडियमपाशी, म्हणजे सुरुवातीलाच आहे. गळती पुढे केबलमध्ये होणार. मग वरच्या फ्रिक्वेन्सी आधीच का उचलायच्या? प्रोजेक्टरपाशी, गळून झाल्यावर भरून काढलं तर नेमकं किती गळलं ते तरी कळेल.

तारायंत्र

रेणुकाताई, फार चांगला प्रश्न. दोन्हीकडे करता येतं आणि लांब पल्ल्याला रिसीव्हरकडेही करतात. पण केबल वाटेत बाहेरचा कचरा गोळा करते : ट्यूबलाइट, पंख्याचे रेग्युलेटर, लिफ्टची मोटर. शेवटी उचललं तर सिग्नलबरोबर तो कचराही उचलला जातो. सुरुवातीला उचललं तर कचरा आहे तेवढाच राहतो. सुरुवातीला उचलण्याला मर्यादा एवढीच की प्रमाणाबाहेर गेलं की कडा उसळतात. काळ्या अक्षराच्या उजवीकडे पांढरी चकाकती रेघ दिसायला लागते. ती दिसली की प्रीसेट थोडा मागे घ्यायचा.

गोदाकाठ, क्रम असा ठेवा. लॅपटॉपवर एक पांढरं पान उघडा, त्यावर एक मोठा काळा चौकोन आणि एक-एक पिक्सेलच्या उभ्या काळ्या रेघा काढा. रिझोल्यूशन प्रोजेक्टरच्या पॅनेलचं जे मूळ असेल तेच. पांढरा भाग बघून आधी लेव्हल लावा. मग रेघा बघत पीकिंग सावकाश उजवीकडे. त्यानंतर प्रोजेक्टरच्या मेनूत 'फेज' नावाची सेटिंग असते तिला हात लावा. हे शेवटचं लोक विसरतात. प्रोजेक्टर येणारा ॲनालॉग सिग्नल ठरावीक क्षणी मोजतो. १०२४ बाय ७६८ ला एक पिक्सेल जेमतेम १५ नॅनोसेकंद टिकतो. मोजायचा क्षण पिक्सेलच्या मध्यावर न पडता कडेवर पडला तर रेघा थरथरतात, मग डबा कितीही चांगला असो.

आणि डिप स्विचेसवर काय लिहिलंय ते कळवा.

षड्ज

आवाजाचं मी सांगतो, कारण 'बोलणं गायब, संगीत शिल्लक' हे वाचूनच अंदाज आला. मी नाटकांना आणि मैफलींना साउंड करतो.

लॅपटॉपच्या ३.५ एमएम जॅकवर तीन भाग असतात : टोकाला डावा, मधल्या कड्याला उजवा, मागे ग्राउंड. मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटचा जॅकही तसाच तीन भागांचा दिसतो, पण तिथे टोक म्हणजे प्लस, कडं म्हणजे मायनस. बॅलन्स्ड इनपुट या दोघांतला फरक घेतो. स्टिरिओ सिग्नल तसाच त्यात घुसवला तर मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो. मुलाखतीत माणसाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा असतो, म्हणून तो वजा होऊन नाहीसा होतो. संगीतात डावं-उजवं वेगळं असतं, ते उरतं.

तेव्हा मिक्सरच्या टोकाला बघा. दोन जॅक आहेत की एकच?

गोदाकाठ

एकच! आणि पोडियममध्ये हिरव्या कनेक्टरमधून वायरी काढून त्याला ३.५ एमएमची पिन परस्पर जोडलेली आहे. भिंतीतून मात्र दोन शील्डेड जोड्या येतात, त्यातली एक नुसती गुंडाळून ठेवलेली आहे. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी डब्याचा ऑडिओचा भाग वगळूनच टाकला.

षड्ज

मग घुमण्याचं अर्धं कारणही सापडलं. आता तो भाग कशासाठी आहे ते सांगतो.

लॅपटॉपचा आवाज अनबॅलन्स्ड असतो, म्हणजे एक तार आणि ग्राउंड. व्यावसायिक उपकरणांची पातळी +४ डीबीयू धरतात, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट. घरगुती उपकरणांची -१० डीबीव्ही, म्हणजे ०.३१६ व्होल्ट. जवळपास चौपटीचा फरक. अनबॅलन्स्ड, कमी पातळीचा सिग्नल ३० मीटर पाठवला की वाटेत ५० हर्ट्झची गुणगुण चिकटते आणि मिक्सरवर गेन वाढवला की तीही वाढते.

इंटरफेसमधला ऑडिओ भाग दोन कामं करतो. पातळी उचलतो आणि सिग्नल बॅलन्स्ड करतो. एका तारेवर सिग्नल, दुसरीवर त्याचीच उलटी प्रत. वाटेत येणारी गुणगुण दोन्ही तारांवर सारखीच बसते, आणि मिक्सर फरक घेतो तेव्हा ती जाते. ज्या वजाबाकीने तुमचं बोलणं गायब केलं, तीच नीट वापरली तर गुणगुण घालवते.

हिरव्या कनेक्टरला पाच जागा असतील. डावा प्लस, डावा मायनस, मधे ग्राउंड, उजवा प्लस, उजवा मायनस. क्रम डब्यावर छापलेला असतो, तो बघूनच जोडा. दोन्ही जोड्या वापरा आणि मिक्सरला दोन जॅक लावा, डाव्याला एक, उजव्याला एक. मिक्सरचं इनपुट अनबॅलन्स्ड असेल तर प्लस आणि ग्राउंड घ्यायचं, आणि डब्याकडचा मायनस मोकळा सोडायचा. तो ग्राउंडला जोडायचा नाही, अशा आउटपुटला ते सोसत नाही. आणि मोनोच हवं म्हणून डावा-उजवा थेट एकमेकांना चिकटवू नका, दोन आउटपुट एकमेकांशी भांडतात. प्रत्येकाच्या वाटेत एक रेझिस्टर घालून मग एकत्र करायचं. तुमच्याकडे दोन चॅनेल असतील तर त्याची गरजच नाही.

मेनरोड

चार्जर काढला की घुमणं थांबतं का?

गोदाकाठ

हो, लगेच. आणि पडद्यावरचा पट्टाही जातो.

तारायंत्र

मेनरोड यांनी नेमका प्रश्न विचारला. हा ग्राउंड लूप. लॅपटॉपचा चार्जर पोडियममधल्या सॉकेटच्या अर्थिंगला जोडलेला, प्रोजेक्टर छताजवळच्या दुसऱ्या सर्किटच्या अर्थिंगला, मिक्सर तिसऱ्याच ठिकाणी. या अर्थिंगमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतो आणि तो तुमच्या केबलच्या शील्डमधून वाहतो. स्पीकरमध्ये ती गुणगुण होते, पडद्यावर सरकता पट्टा. लॅपटॉप बॅटरीवर चालवला की लूप तुटतो.

इथे हात जोडून सांगतो : चार्जरची किंवा मिक्सरची अर्थिंगची पिन कापू नका. गुणगुण जाते हे खरं, पण उद्या एखाद्या उपकरणात बिघाड झाला तर करंट माइक धरलेल्या माणसातून जातो. अर्थिंग माणसासाठी आहे, आवाजासाठी नाही. इलेक्ट्रिशियनला सांगून पोडियम, प्रोजेक्टर आणि मिक्सर यांची वीज एकाच डिस्ट्रिब्यूशन बोर्डावरून आणि एकाच अर्थिंगवर घ्या. बॅलन्स्ड जोडणीनंतरही थोडं घुमलं तर ऑडिओच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. व्हिडिओसाठीही असे आयसोलेटर मिळतात, पण बहुधा एका बोर्डावर आणल्यावर त्याची वेळ येणार नाही.

अंबडकर

मला इथे भर घालायची आहे, क्षेत्र वेगळं असलं तरी. अंबड-सातपूरच्या वर्कशॉपांत जुन्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीन अजून चालू आहेत आणि त्यांचे सीआरटी (जुने काचेच्या नळीचे) मॉनिटर जातात तेव्हा हेच प्रश्न येतात. मशीन ठणठणीत असते, नवा सीआरटी मिळत नाही, एलसीडी लावायचा तर सिंक जुळत नाही. कुठे आडवा-उभा सिंक वेगळा, पाच तारा. कुठे दोन्ही एकत्र, चार तारा. कुठे सिंक हिरव्या रंगावरच बसवलेला, तीनच तारा. काहींची आडवी फ्रिक्वेन्सी १५ किलोहर्ट्झ असते, तर व्हीजीएची सुरुवातच साडेएकतीसला होते. आम्ही जीबीएस-८२०० सारखे कन्व्हर्टर बोर्ड वापरून ते वर नेतो. हिरव्यावरचा सिंक ओळखला नाही तर सगळं चित्र हिरवट दिसतं, एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ वेळ वाचतो.

गोदाकाठ, तुमचे डिप स्विच बहुतेक याच प्रकारचे असतील.

गोदाकाठ

अगदी बरोबर. स्विचेसवर असं आहे : 'सिंक ऑन ग्रीन', 'सेरेशन', 'आयडी बिट', आणि एक 'सिंक प्रोसेसिंग'. पहिले दोन आत्ता चालू आहेत.

तारायंत्र

दोन्ही बंद करा. सेरेशन पल्स तीन नळ्यांच्या सीआरटी प्रोजेक्टरसाठी होते. उभ्या सिंकच्या काळात आडवा सिंक तुटला तर त्यांच्या पडद्याचा वरचा भाग वाकायचा, तो वाकू नये म्हणून. एलसीडी किंवा डीएलपी असा डिजिटल प्रोजेक्टर त्यानेच गोंधळतो. 'हॉरिझॉन्टल' प्रीसेटही त्याच काळातला. तो सिंक थोडा मागेपुढे करून चित्र डावी-उजवीकडे सरकवायचा. आता ते काम प्रोजेक्टर स्वतः करतो, प्रीसेट मधोमध ठेवून विसरून जा. 'सिंक प्रोसेसिंग' बंद ठेवलंत तर लॅपटॉपचा सिंक आहे तसा प्रोजेक्टरला मिळतो, आणि डिजिटल प्रोजेक्टरला तेच मानवतं. पाच तारा आहेत, म्हणजे सिंक वेगळाच पाठवायचा.

'आयडी बिट' मात्र चालू ठेवा. व्हीजीएच्या ४ आणि ११ नंबरच्या पिन मॉनिटर जोडलाय हे संगणकाला सांगण्यासाठी होत्या. जुने लॅपटॉप त्या पिनवर काही सापडलं नाही की बाहेरचा पोर्ट चालूच करत नसत. तो स्विच डब्यातच त्या पिन ग्राउंडला नेतो.

नव्या लॅपटॉपचा काळा पडदा त्याच कुळातला, पण पुढच्या पिढीचा. १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून प्रोजेक्टर आपली ओळख, म्हणजे ईडीआयडी, पाठवतो. तुमच्या पाच कोॲक्समध्ये त्या पिनांना जागाच नाही. कन्व्हर्टर विचारतो समोर कोण आहे, उत्तर येत नाही, मग कधी अंदाजाने ठरावीक रिझोल्यूशन देतो, कधी गप्प बसतो. पोडियममध्ये डब्याच्या आधी एक ईडीआयडी इम्युलेटर लावा, त्यात प्रोजेक्टरचं रिझोल्यूशन भरून ठेवा. प्रत्येक लॅपटॉपला तेच उत्तर मिळेल.

कन्व्हर्टरही वेगळ्या ५ व्होल्ट पुरवठ्याचं सॉकेट असलेला घ्या. एचडीएमआय पोर्टने किमान ५५ मिलिॲम्पिअर द्यावेत एवढाच नियम आहे, ॲनालॉग चित्र तयार करणाऱ्या चिपला ते पुरेलच असं नाही. कधी चालतो-कधी नाही याचं हे दुसरं कारण.

मेनरोड

आणि कन्व्हर्टर ऑडिओ जॅक असलेलाच घ्या. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये आवाज एचडीएमआयकडे वळवला की तो जॅकमधून बाहेर येतो, ती पिन थेट इंटरफेसच्या ३.५ एमएम सॉकेटमध्ये. एक लक्षात ठेवा, कॉपी-संरक्षण असलेले चित्रपट अशा कन्व्हर्टरवर दिसणार नाहीत. व्याख्यानाच्या स्लाइडला अडचण नाही.

तारायंत्र, तुमचं म्हणणं पटलं. या सभागृहात भिंत फोडायची गरज नाही. पण गोदाकाठ, पुढे कधी छताचं काम निघालं तर एक कॅट-६ टाकून ठेवाच.

तारायंत्र

शंभर टक्के सहमत. एचडीएमआयची साधी तांब्याची केबल ३० मीटर ओढण्यापेक्षा तो मार्ग कितीतरी बरा.

गोदाकाठ

मंडळी, बदल केले. पीकिंग अर्ध्याच्या थोडं पुढे नेल्यावर ओढ गेली, फेज लावल्यावर रेघा स्थिर झाल्या. दोन्ही ऑडिओ जोड्या डब्याला जोडल्या, बोलणं परत आलं. वीज एका बोर्डावर आणायचं काम इलेक्ट्रिशियन पुढच्या आठवड्यात करतो आहे. घुमणं आताच खूप कमी झालं आहे.

दोन प्रश्न उरले. डब्याला मागे 'लोकल मॉनिटर' असं एक आउटपुट आहे. वक्त्यासमोर छोटा मॉनिटर त्यावर लावला तर पडद्यावरचं चित्र अंधारं होईल का? पूर्वी वाय-केबलने प्रयत्न झाला होता तेव्हा झालं होतं. आणि निळ्याची बीएनसी पिन सैल आहे, तिथली केबल थोडी बदलावी लागेल. एम. जी. रोडला सीसीटीव्हीची थ्री प्लस वन सहज मिळते, ती चालेल?

तारायंत्र

वाय-केबलने एकाच लाइनवर दोन ७५ ओहम येतात, सिग्नल दोन तृतीयांशावर उतरतो, म्हणून अंधार. 'लोकल मॉनिटर' आउटपुटला आतून स्वतंत्र बफर (वेगळा ॲम्प्लिफायर) असतो, मुख्य लाइनवर परिणाम होत नाही. निःशंक लावा.

थ्री प्लस वन नको. तिच्यात कोॲक्स एकच असते, बाकी साध्या वायरी, आणि स्वस्त मालात तांबंही नावालाच. डिशची आरजी-६ सुद्धा बघून घ्या. तिचा गाभा पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचा असतो. डिशच्या उंच फ्रिक्वेन्सीला ते चालतं, कारण करंट पृष्ठभागावरूनच वाहतो. आपल्या सिग्नलचा खालचा भाग मात्र पोलादातून जातो आणि मार खातो. भरीव तांब्याच्या गाभ्याची, ७५ ओहमची आरजी-५९ मागा. आरजी-५८ दिसायला जवळपास तशीच, पण ती ५० ओहमची. बीएनसीही ७५ ओहमचा आणि त्याच केबलच्या मापाचा क्रिम्प (दाबून बसवायचा) घ्या.

सैल पिनेपुरताच तुकडा बदला आणि लांबी आधी होती तितकीच ठेवा. अशा केबलमध्ये सिग्नल मीटरला ५ नॅनोसेकंद घेतो. निळी तार दोन मीटर जास्त झाली तर १०२४ बाय ७६८ ला निळा रंग अर्ध्याहून जास्त पिक्सेल उजवीकडे सरकेल आणि पांढऱ्या अक्षरांना एका बाजूला निळी, दुसऱ्या बाजूला पिवळी कड येईल.

रेणुका_पी

केबलमधला सिग्नलचा उशीर डोळ्यांना दिसतो, हे मुलांना दाखवायला मला फार आवडेल. गोदाकाठ, कार्यक्रम नसेल अशा दिवशी वर्ग घेऊन यायची परवानगी मिळेल का? कॉलेजचा ऑसिलोस्कोप बरोबर आणते.

गोदाकाठ

नक्की या ताई, सचिवांशी मी बोलतो. तारायंत्रकाका, तुम्हीही आलात तर फार बरं होईल.

तारायंत्र

येतो. ताई, ऑसिलोस्कोप १०० मेगाहर्ट्झचा तरी असू द्या, कमीचा असेल तर पीकिंगची उसळी दिसणार नाही. ७५ ओहमचे टर्मिनेटर (लाइनच्या टोकाला लावायचे रेझिस्टर) आणि मुद्दाम दोन मीटर लांब कापलेली एक केबल मी घेऊन येईन.